पहिला पगार झाला, आता गॅझेट: मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

गेल्या जूनमध्ये माझा भाचा कराडहून मुंबईला नोकरीला आला. भांडुपला तिघांत एक खोली, ऑफिस लोअर परळला. पहिला पगार खात्यात पडला त्याच संध्याकाळी त्याने मला यादी पाठवली: स्मार्ट अंगठी, गळ्यात अडकवायचा पंखा, खिशात मावणारा प्रोजेक्टर, १४० वॅटचा चार्जर आणि बाहेरचा आवाज दाबणारे इअरबड्स. खाली प्रश्न, "मामा, यातलं आधी काय घेऊ?"

मी विचारलं, "खोलीत तुझ्या वाट्याला प्लग किती?"

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, "अर्धा."

एका प्लगवर मल्टिप्लग, त्यावर तिघांचे फोन, एकाचा लॅपटॉप आणि डास मारायची रॅकेट. हे खरं मुंबईतलं घर. दुकानात काचेमागे मांडलेली वस्तू छानच दिसते, पण ती शेवटी याच अर्ध्या प्लगवर, याच लोकलमध्ये आणि याच दमट हवेत चालवायची असते. नव्याने आलेल्या मुलामुलींना मी जे सांगतो, ते त्या क्रमाने खाली लिहितोय.

आठवडाभर काही घेऊ नका, नोंद ठेवा

फोनमध्येच चार ओळी लिहायच्या. फोन २० टक्क्यांखाली किती वाजता येतो, तेव्हा तुम्ही कुठे असता, हात मोकळे असतात का, आणि अंगावर घाम किंवा पाऊस किती. भाच्याच्या नोंदी फार बोलक्या निघाल्या. सकाळी सव्वाआठला ९२ टक्के, रात्री नऊला कांजूरमार्गजवळ ४ टक्के. "दोन्ही हात मोकळे" या रकान्यात सोमवार ते शुक्रवार एकही नोंद नव्हती.

यादी आपोआप गळली. प्रोजेक्टरसाठी लागणाऱ्या भिंतीला कपाट टेकलेलं होतं. गळ्यातला पंखा गर्दीत शेजारच्याच्या हनुवटीला लागतो. अंगठी झोप मोजते म्हणे, पण याची झोप खोलीतला तिसरा गडी नाइट शिफ्टहून कधी येतो यावर ठरते, त्याला अंगठी काय करणार? उरली चार्जिंगची सोय आणि कानात घालायचं काहीतरी. बहुतेकांचं असंच होतं.

सुरुवात प्लगपासून

साध्या छोट्या प्लगपॉइंटची मर्यादा ६ अँपिअरची. २३० व्होल्टला गुणलं की १,३८० वॅट. फोनचा चार्जर वीस-तीस वॅट, लॅपटॉपचा ६५ च्या आसपास, म्हणजे तिघांचे सगळे चार्जर एकदम लावले तरी काही बिघडत नाही. गडबड होते ती चहाच्या किटलीने. १,५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी तर पावणेनऊच्या आसपास. या दोन्ही वस्तू १६ अँपिअरच्या मोठ्या पॉइंटवरच लावायच्या, मल्टिप्लगवर कधीच नाही. मल्टिप्लगला हात लावून बघा. कोमट लागला तर त्याला आजच रजा द्या.

इन्व्हर्टर वगैरेच्या भानगडीत पडू नका. गावाकडे वीज जाते तशी ती मुंबईत जात नाही. २०२० साली १२ ऑक्टोबरला सकाळी शहरभर गेली होती, तर लोक अजून तो दिवस सांगतात.

आता चार्जर. माझ्या मते नव्या माणसाने पैसे घालावेत अशी पहिली वस्तू म्हणजे दोन किंवा तीन तोंडांचा ६५ वॅटचा गॅन चार्जर. गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड. जुन्या सिलिकॉनच्या चार्जरपेक्षा यात उष्णता कमी वाया जाते, म्हणून तेवढ्याच ताकदीचा चार्जर मुठीत मावतो. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होणारा असेल तर लॅपटॉप आणि फोन दोन्ही यावरच भागतात आणि तुमचा अर्धा प्लग पुरतो. तीन गोष्टी मात्र आधी बघायच्या.

एक, ६५ हा आकडा एकच तोंड वापरलं तरचा. दोन वापरली की तो वाटला जातो, बहुधा ४५ आणि २० असा. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत ते छापलेलं असतं. दोन, काही कंपन्यांच्या फोनची जलद चार्जिंगची पद्धत त्यांची स्वतःची असते. दुसऱ्या चार्जरवर तो फोन चार्ज होईल, पण सावकाश. तीन, केबल. साधी टाइप-सी केबल ६० वॅटपर्यंतच चालते. त्याहून जास्त हवं तर आत चिप असलेली, १०० किंवा २४० वॅट असं लिहिलेली केबल मागा. दुकानदाराला नुसतं "चांगली दे" म्हणालात तर तो जाडजूड वेणीदार केबल देईल. वेणीवरून काही कळत नाही.

जुन्या चाळीत राहात असाल तर आणखी एक. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर चार्जर दोन पिनांचा असतो किंवा पॉइंटला अर्थिंग नसतं. बहुतेक वेळा ती किरकोळ गळती असते, पण इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. घरमालक "असंच असतं" म्हणेल. असंच नसतं.

दुबईहून कोणी चार्जर आणला तर त्याच्या तीन जाड चौकोनी पिना इथल्या गोल भोकांत जाणार नाहीत, चांगलं अडॅप्टर लागेल. अमेरिकेतून आलेल्या वस्तूवर 'इनपुट १००-२४०' लिहिलंय का बघा. नुसतं ११० किंवा १२० असेल तर इथे लावल्याबरोबर धूर.

पॉवर बँक, आणि तिच्या पोटातली वाळू

माझी पहिली पॉवर बँक मी एका स्टेशनाबाहेरच्या पदपथावर घेतली होती. चकचकीत काळी, कडेला सोनेरी रेघ, वर मोठ्या अक्षरांत २०,००० एमएएच (आत किती वीज साठते त्याचं माप). चांगली वजनदारही होती. पहिल्या दिवशी फोन जेमतेम ३० टक्के भरला. आठवड्याने तिने राम म्हटल्यावर स्क्रू-ड्रायव्हरने उघडली. आत बोटाएवढा एकच सेल, आणि उरलेल्या जागेत प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, बारीक वाळूने भरलेल्या, दोन्ही टोकांना मेणबत्तीवर चिकटवलेल्या. ज्याने कोणी त्या भरल्या त्याचं काम नीटनेटकं होतं, हे मानावं लागेल. (सेल असलेली वस्तू अशी उघडायची नसते. मी मूर्खपणा केला, तुम्ही करू नका.)

म्हणजे वजनावरही भरवसा नाही. मग बघायचं काय? पाठीमागे 'रेटेड कपॅसिटी' छापलेली असते, ती. आतले सेल साधारण ३.७ व्होल्टचे असतात आणि बाहेर येते ५ व्होल्टची वीज, त्यामुळे १०,००० चे कागदावरच ७,४०० होतात. त्यातही काही उष्णतेत जाते. खऱ्या १०,००० च्या पॉवर बँकेवर रेटेड आकडा साधारण ६,००० च्या आसपास दिसतो. जी कंपनी हा लहान आकडा प्रामाणिकपणे छापते तिची घ्या. दोन्हीकडे १०,००० च लिहिलं असेल तर खाली ठेवा. आजच्या ५,००० एमएएचच्या फोनला अशी पॉवर बँक सव्वा-दीड वेळा पुरते. घरून भरून निघालात आणि रात्री घरी येता, तर १०,००० भरपूर झाली. वीस हजारीचं ओझं खांद्याला रोज कळतं.

दुसरी खूण बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीची. भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर बँक, अडॅप्टर, फोन, स्मार्ट घड्याळ अशा वस्तूंना ती सक्तीची आहे. इंग्रजी आर, आडवी रेघ आणि पुढे ८ आकडे असा तो नंबर असतो. 'बीआयएस केअर' हे सरकारी अ‍ॅप घ्या आणि दुकानात उभ्या उभ्या नंबर टाका. नोंदणी कोणाच्या नावावर, कोणत्या वस्तूची, सगळं समोर येतं. एकदा मी पॉवर बँकेवरचा नंबर टाकला तर तो कुठल्याशा एलईडी दिव्याचा निघाला. दुकानदार म्हणाला, "साहेब, अ‍ॅपमें गडबड है."

विमानाने घरी जाणाऱ्यांसाठी: पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, सामानात टाकायची नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची विनापरवानगी नेता येते. १०,००० ची ३७ भरते, २०,००० ची ७४.

कानात काय घालायचं

इथे माझं मत जरा जुनाट वाटेल. दिसायला छोटे सुटे इअरबड्सच देखणे, वाद नाही. पण सकाळच्या लोकलमध्ये चढताना धक्क्याने त्यातला एक कानातून निसटतो, आणि फलाट आणि डबा यांच्या मधल्या फटीतून खाली जातो. माझा कुर्ल्याला गेला. रुळावर पांढरा ठिपका दिसत होता. तो घ्यायला उतरायचं नाही, गाडी गेल्यावरही नाही. एक बड सुटा विकत मिळतो का म्हणून मी चौकशी केली, तर तो नव्या जोडीच्या निम्म्याहून जास्त भावाला पडत होता.

गर्दीच्या वेळेचा प्रवास असेल तर नेकबँड घ्या. मानेवर पट्टा असतो, कानातून निघालं तरी गळ्यात लोंबतं. स्टाइल थोडी कमी, पण आठवड्यात पाच दिवस उपयोगी. सुटे बड्स रविवारी मरीन ड्राइव्हवर फिरायला ठेवा. भाच्याने ऐकलं नाही, बड्सच घेतले. पण डब्यात शिरायच्या आधी काढून डबीत ठेवतो आणि आत उभं राहायला जागा मिळाली की घालतो. हेही चालेल.

आवाज दाबणारी सोय, जिला एएनसी म्हणतात, तिच्याबद्दल गैरसमज फार. बड्सवरचा माइक बाहेरचा आवाज ऐकतो, बड्स त्याच्या उलट लहर कानात सोडतात आणि दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. हे जमतं ते एकसुरी, खर्जातल्या आवाजाला: पंखा, एसी, गाडीच्या चाकांची घरघर. माणसांची बडबड, भजनी मंडळाच्या टाळ्या, फेरीवालीची आरोळी यातलं बरंच आत येतंच. त्यामुळे "पूर्ण शांतता" या जाहिरातीसाठी दुप्पट पैसे मोजू नका. आणि एएनसी चालू असताना "पुढील स्टेशन" मात्र नेमकं हुकतं. पहिले दोन-तीन महिने, स्टेशनं पाठ होईपर्यंत, एक कान उघडा असू द्या. रस्ता ओलांडताना तर कायमच.

घामाचं आणि पावसाचं बघताना आयपी हा शब्द शोधा. त्यापुढचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. जिथे एक्स लिहिलंय ती चाचणी झालेली नाही किंवा सांगितलेली नाही. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतील, एवढं इथे कमीत कमी हवं. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. यात मेख अशी की हा आकडा बऱ्याचदा फक्त बड्सचा असतो, डबीचा नसतो. ओले बड्स डबीत टाकले की डबी मरते. आधी रुमालाने पुसायचे.

मनगट

घड्याळाबद्दल फार लिहीत नाही, कारण बहुतेकांना ते वेळ आणि मेसेज बघायलाच लागतं, आणि त्यासाठी साधं पुरतं. गर्दीत फोन खिशातून न काढता मेसेज दिसतो, हाच त्याचा खरा फायदा. धावायला जात असाल तर 'बिल्ट-इन जीपीएस' आहे का विचारा. 'कनेक्टेड' असेल तर अंतर मोजायला फोन सोबत लागतो. ऑक्सिजन आणि नाडीचे आकडे अंदाजापुरते धरा, डॉक्टरांना दाखवायला नव्हे. रबरी पट्ट्याखाली मुंबईच्या घामाने पुरळ उठतं, म्हणून कापडी पट्टा वेगळा घ्या. घड्याळाला २० मिलिमीटरचा लागतो की २२ चा, तेवढं मोजून जा.

कुठे जायचं

हाताळून बघायचं असेल तर आधी क्रोमा किंवा विजय सेल्ससारख्या मोठ्या दुकानात जा, कानात घाला, मनगटावर बांधा, घाई करू नका. भाव लिहून घ्या. मग लॅमिंग्टन रोड.

पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगायचं. पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडा, पायी काही मिनिटांवर आहे. आता भुयारी मेट्रोचंही ग्रँट रोड स्टेशन झालंय. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. भल्या सकाळीही नको, शटर अकराच्या सुमाराला वर जातात. शनिवारी दुपारी चालायला जागा नसते. कामाच्या दिवशी साडेअकरा-बाराला गेलात तर दुकानदार बोलायच्या मनःस्थितीत असतो.

पहिल्या दुकानात घ्यायचं नाही. मॉडेलचं पूर्ण नाव सांगा, "अच्छावाला चार्जर" असं नाही. तीन ठिकाणी भाव विचारा. तिसऱ्या ठिकाणी तुम्हाला खरा भाव कळलेला असतो. मराठीत सुरुवात करा, कोणी हिंदीत उत्तर देईल, कोणी गुजरातीमिश्रित मराठीत, चालतं. फुटपाथवर हळूच "साहेब, आयफोन चाहिये?" विचारणारे भेटतील. मान हलवून पुढे चला.

क्रॉफर्ड मार्केटजवळचं मनीष मार्केट कव्हर, काच, पट्टे, केबल ठेवायच्या पिशव्या यांसाठी उत्तम. हाजी अलीचं हिरा पन्ना आणि विलेपार्ल्याला इर्ल्याचं अल्फा ही दुकानं परदेशी मालासाठी वर्षानुवर्षं प्रसिद्ध. अशा बाजारांत एक शब्द कानावर पडेल: फर्स्ट कॉपी. म्हणजे नकली, पण हुबेहूब. फोनजवळ बड्सची डबी उघडली की नाव झळकतं, बॅटरीचं चित्र येतं, सगळं खऱ्यासारखं. बीआयएसचा नंबरही खऱ्याचाच छापलेला असू शकतो. तेव्हा नंबर जुळला एवढ्यावर थांबू नका. "पक्कं बिल देणार का?" हा प्रश्न विचारा आणि चेहरा बघा.

बिल आणि खोका

"बिल के साथ या बिना बिल?" हे विचारलं जाईलच. या वस्तूंवर बहुधा १८ टक्के जीएसटी असतो, त्यामुळे बिनबिलाचा भाव मोहात पाडतो. घेऊ नका. वॉरंटी बिलावर चालते, दुकानदाराच्या शब्दावर नाही. बिलावर मॉडेल, सिरियल नंबर, तारीख आणि १५ अक्षर-आकड्यांचा जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातल्या दुकानाचा तो २७ ने सुरू होतो. वॉरंटी कंपनीची की "आमच्या दुकानाची" हेही तिथेच विचारून घ्या. थर्मल कागदावरचं बिल सहा महिन्यांत कोरं होतं, घरी पोचायच्या आधी फोटो काढा.

खोक्यावर एमआरपी, आणि माल बाहेरून आलेला असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असायला हवा. स्टिकरवर स्टिकर असेल तर नखाने कडा उचलून बघायला लाजू नका.

जुना फोन घेत असाल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, येईल. मेसेजमध्ये केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथेच कळतं. पैसे द्यायच्या आधी हे करायचं, नंतर नाही.

दुकानदार किंवा कंपनी ऐकेचना, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. माझ्या एका चार्जरच्या वेळी तीन आठवडे "उद्या बघतो" चाललं होतं. बिलाचा फोटो जोडून तक्रार टाकली, आठवड्यात फोन आला. बिल नसतं तर जोडायला काय होतं?

जून ते सप्टेंबर

बॅगेत एक झिपची जाड प्लॅस्टिक पिशवी कायम असू द्या. पाऊस आला की फोन, पॉवर बँक, बड्स, सगळं त्यात. छत्रीवर विसंबू नका, मुंबईचा पाऊस आडवा येतो.

फोन भिजला आणि चार्जिंगच्या तोंडात ओल असल्याची सूचना आली, तर चार्जर लावायचा नाही. तोंड खाली करून तळहातावर हलकं आपटा, पंख्याखाली ठेवा, काही तास थांबा. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यात तर ठेवूच नका. तांदळाने ओल फारशी ओढली जात नाही, उलट बारीक कणी आत अडकू शकते. अ‍ॅपलनेही आपल्या ग्राहकांना तांदूळ नको म्हणून सांगितलंय. समुद्राचं पाणी उडालं असेल तर फोन जलरोधक असला तरी आधी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. आयपीचा आकडा साध्या पाण्याचा असतो, खाऱ्याचा नव्हे.

कॅमेरा असेल तर भिंगावर बुरशी धरते. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहिला म्हणजे बरं. बुटांच्या खोक्यात येतात त्या पुड्या बहुधा आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात. नव्या आणा.

जुनं झालं की

पॉवर बँक किंवा फोन फुगलेला दिसला की तो चार्ज करायचा नाही, दाबायचा नाही, टोचायचा तर नाहीच. कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका, गाडीत दाबला गेला तर पेट घेतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, जुना माल परत घ्यायची जबाबदारी नियमाने उत्पादकांवर आहे. तोवर तो पलंगाखाली, कपड्यांत किंवा गॅसजवळ नको. खोली सामाईक असेल तर सगळ्यांना सांगून ठेवा. भाच्याच्या खोलीत अशी एक फुगलेली पॉवर बँक खिडकीच्या कट्ट्यावर दोन महिने पडून होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ती दुसऱ्याची आहे.